ऑगस्टचा पेला

आक्रा,
७ फेब्रुवारी १९९३

अनाने मामा,

आई परवा गावाहून आली ती दोन बातम्या घेऊन. मामीचा गुडघा आता बरा आहे, ही एक. आणि दुसरी म्हणजे, आपल्या बोसुमट्वी तळ्यात खताची पोती ओतावीत म्हणून नसुआनो गावाने जो अर्ज केला, त्यावर पहिली सही तुमची! अहो मामा! नाताळात तुमच्या ओसरीवर बसून मी घसा कोरडा करून सांगत होते आणि तुम्ही केंके खात ‘हं, हं’ करत होतात. तो हुंकार मला होता की केंकेला?

मासा बारीक झालाय हे मला ठाऊक आहे. मामीची मासे धुरावर सुकवायची भट्टी थंड पडलेली मी डोळ्यांनी पाहिली. मासेमारी खात्याचे टान्नोर साहेब म्हणतात, तळं म्हणजे शेत. खत घाला, शेवाळं पिकेल, शेवाळ्यावर मासा पोसेल. अर्धं खरं आहे ते. उरलेलं अर्धं साहेब सांगत नाहीत किंवा त्यांना माहीत नाही. वर पिकलेलं सगळं काही मासा खात नाही. उरलेलं मरतं आणि कणाकणाने तळाशी पडतं. आपलं तळं खोल, खाली हवा पोचत नाही, तिथे ते सडत राहतं. वर जितकं जास्त पिकेल तितकं खाली जास्त पडेल, आणि तितकी खाली घाण साठेल. मग थंड वाऱ्याने पाणी उलथलं की ती सगळी घाण वर येते. तुम्ही त्याला म्हणता देवाने बंदुकीची दारू उडवली. त्या दिवशी मासे पोट वर करून तरंगतात, हे तुम्हीच मला लहानपणी सांगितलंत.

किती पडतं ते मोजायलाच आपण दोघांनी नाताळात ते पेले टांगलेत. बंद बुडाच्या प्लास्टिकच्या नळ्या, दोन वर, दोन खोल, खाली सिमेंटचं वजन. दर महिन्याला पेल्यातलं बाटलीत ओतून लॉरीबरोबर पाठवायचं, एवढंच तुमचं काम. मुख्य म्हणजे ऑगस्टचा पेला. पाणी उलथतं ते ऑगस्टात. पोती यायची ऑक्टोबरात. ऑगस्टचा पेला हातात आला तर मी गावासमोर उभी राहून बोलू शकते. तो चुकला तर माझ्याकडे नुसती बडबड.

सही तुम्ही केलीत ती केलीत. पण मामा, पेले बुडवू नका. मी हट्टाला पेटले आहे आणि हा हट्ट कुणाच्या घरातला आहे ते तुम्हाला सांगायला नको.

तुमची,
पोकुआ

•

नसुआनो,
२१ फेब्रुवारी

पोकुआ पोरी,

तुझं पत्र मामीने मला दोनदा वाचून दाखवलं. केंकेपाशी आल्यावर दोन्ही वेळा हसून हसून तिचा गुडघा पुन्हा दुखायला लागला, तेव्हा ती बातमी आता जुनी समज.

हो, सही माझी. पहिली माझी, कारण मी पहिला बसलो होतो आणि पेन चालत होतं. तू आक्र्याला बाजारात मासा घेतेस, तिथे विकणारी बाई हसून देते. इथे पहाटे फळीवर पालथं पडून दोन्ही हातांनी पाणी मारत मी तळ्याच्या मध्यावर जातो, जाळं ओढतो, आणि आत बोटाएवढे आपात्रे मासे. पोरांना खेळायला द्यावेत असले. अशा माणसाला कुणी सांगितलं की पाण्यात पीठ घातल्याने मासा होतो, तर तो पीठ घालील. तू पुस्तकं वाचतेस, मी पोट वाचतो.

पण शब्द दिला तो दिला. सही माझी, शब्दही माझा, दोन्ही पाळीन. दोघांची भांडणं लागली तर तेव्हा बघू. रविवारी मात्र पेल्याला हात लावणार नाही. रविवार तळ्याच्या देवाचा, तुझ्या विद्यापीठातल्या सरांना सांग.

आणखी एक. पेले टांगण्याआधी मी गावच्या राणीआई दुफिएसमोर हात वर करून सांगितलं होतं की यात लोखंडाचा कण नाही. दोरी सुताची, नळी प्लास्टिकची, वजन सिमेंटचं. आपल्या पाण्याला लोखंड लागलं तर देव कोपतो, हे तुला आईने दुधाबरोबर पाजलंय. म्हातारीने माझ्याकडे नुसतं बघितलं, जशी ती नवऱ्या मुलाकडे बघते. तेव्हा माझी मान तुझ्या दोरीला बांधलेली आहे, जपून.

पहिली बाटली लॉरीवाल्याकडे दिली. तो विचारतो, औषध आहे का? म्हटलं, हो, हट्टावरचं.

तुझा,
अनाने मामा

•

आक्रा,
१८ एप्रिल

मामा,

तिन्ही बाटल्या पोचल्या. तिसरीवर मामीने गुंडाळलेलं केळीचं पानही पोचलं, आतलं बोफ्रोट मात्र लॉरीवाल्याने खाल्लेलं दिसतंय.

आत्तापर्यंत पेल्यात पडलंय ते नखाच्या जाडीएवढं. सगळं हिरवट, बारीक. वरच्या पेल्यात थोडं जास्त, खालच्यात थोडं कमी, कारण वाटेत काही विरघळून जातं. यातलं खत, म्हणजे शेवाळ्याचं अन्न, मी रोज काढून मोजते. तळं अर्धपोटी आहे मामा, टान्नोर साहेबांचं ते म्हणणं खोटं नाही. पण अर्धपोटी माणसाला अख्ख्या गोणीचा फुफू एका बैठकीत चारला तर काय होतं? तसंच.

एक गंमत सांगते. शेवाळ्याला खताबरोबर चिमूटभर लोखंडही लागतं. हल्ली काही खतांमध्ये ते मुद्दाम घालतात. आपण तळ्याला लोखंड शिवू देत नाही, आणि पाणी तरीही डोंगराच्या मातीतून गुपचूप थोडं आणतंच. हे राणीआईला सांगू नका, नाहीतर डोंगरालाच दंड करायची.

सर म्हणाले, ऑगस्ट चुकला तर दुसरा विषय घे. मी म्हटलं, ऑगस्ट चुकणार नाही. चुकणार नाही ना मामा?

पोकुआ

•

नसुआनो,
२३ ऑगस्ट

पोकुआ,

बसून वाच.

गुरुवारी देवाने दारू उडवली. सकाळी उठलो तर गावभर सडक्या अंड्यांचा वास, पाणी काळपट आणि काठाला पांढऱ्या पोटांची रांग. बायका टोपल्या घेऊन धावल्या. मी आजवर अशी वेळ अनेकदा पाहिली, पण इतके मासे एकदम मेलेले नाही पाहिले. लहानसहान सुद्धा. ज्यांनी पुढल्या वर्षी मोठं व्हायचं तेच सगळे.

अशा पाण्यावर कुणी जात नाही. मी गेलो. मामी काठावरून ओरडत होती की तुझी पेल्याशी सोयरीक झालीय का. झालीच होती म्हण. महिनोनमहिने ते पेले काढून मला त्यांच्यात काय पडतं ते बघायची सवयच लागली होती. नखभर, नखभर, नखभर. या खेपेला खालचा पेला वर ओढला तेव्हा तो हाताला जड लागला. चार बोटं भरलेला, पोरी. हिरवा, काळा, चिकट. नाकाजवळ धरवेना. मी ज्या अर्जावर पहिली सही केली होती त्यात नेमकं हेच मागितलं होतं, आणखी जास्त मागितलं होतं.

पण ते सांगायला मला तोंड उरलं नाही. ऐक पुढचं.

शनिवारपर्यंत गावात एकच बोलणं. पोकुआच्या पेल्यांनी देव चिडला. पंचांनी बोलावलं. दोरी, पेले, वजन, सगळं आणून झाडाखाली ठेवायला लावलं. मी छाती पुढे काढून ठेवलं. म्हटलं, शोधा लोखंड. पुजाऱ्याने दगड उचलला आणि सिमेंटच्या वजनावर घातला. दोन घावांत ते फुटलं. आतून बोटाएवढी सळई बाहेर डोकावली. गंजलेली, लालभडक.

 मग सगळे एकदम बोलले.

मी म्हटलं, “पाण्याला लागलं कुठे ते? सिमेंटच्या आत होतं!”

पुजारी म्हणाला, “अनाने, तू खिळा गिळलास आणि पोहायला उतरलास, तर खिळा काठावर थांबला का रे?”

सगळे हसले. राणीआई हसली नाही. म्हणाली, “तू माझ्यासमोर हात वर केला होतास.” एवढंच.

एक मेंढी आणि देवाला ओतायला दारूची बाटली, हा दंड. पेले पाण्याबाहेर. आणि माझी फळी पुढचा शब्द मिळेपर्यंत काठावर उलटी. माझ्या बापाची फळी, जी आपल्या रीतीने माझ्यामागे भाचीच्या, म्हणजे तुझ्या घरात जायची. कालपासून शेजारी मला ‘खिळेगिळ्या’ म्हणतात. मला राग आलाय, पोकुआ. पंचांचा नाही, तुझा. तू मला राणीआईसमोर खोटं पाडलंस.

पेल्यातलं मात्र मी पंचांना दिलं नाही. पंचांनी पेले मागितले होते, आतलं नव्हतं मागितलं. ते भरणीत आहे, मामीच्या थंड भट्टीत.

अनाने

•

आक्रा,
१ सप्टेंबर

मामा,

तुमचं पत्र वाचून मी तशीच वर्कशॉपात गेले. ज्याने वजन ओतलं त्याला विचारलं. म्हणाला, “बाई, नुसतं सिमेंट तडकतं, म्हणून सळई घातली. आत कोण बघायला जातंय?” मी त्याला तीनदा बजावलं होतं, लोखंड नको. पण एक वजन फोडून बघायला हवं होतं, ते मी बघितलं नाही. तुमच्या मानेला दोरी बांधली आणि गाठ तपासली नाही. माझं चुकलं, मामा. तुमच्या पायावर डोकं ठेवायला आत्ता निघाले असते, पण तापाने पाडलंय. मलेरिया आहे, डॉक्टर आणि आई दोघी दारात उभ्या आहेत.

मेंढी माझी. बाटलीही माझी. आईबरोबर पाठवते आहे.

आता रागावला असाल तरी पुढचं ऐका. टान्नोर साहेबांची सभा सतरा तारखेला आहे असं आई म्हणते. पोती ऑक्टोबरऐवजी त्याच दिवशी आणणार. देव चिडलाय म्हटल्यावर गाव घाबरलंय, घाबरलेला माणूस सही लवकर करतो. त्या सभेत कुणीतरी उभं राहायला हवं. आईबरोबर आधीच्या सगळ्या बाटल्या परत पाठवते आहे. ऑगस्टचं अर्धं मला पाठवा, अर्धं त्या बाटल्यांशेजारी ठेवा आणि गावाला दाखवा. बोलायची गरजसुद्धा पडणार नाही.

तुम्हाला हसतील, ठाऊक आहे. खोटी शपथ घेतलेला, पहिली सही केलेला माणूस उठून सही मागे घ्या म्हणतोय, यावर कोण हसणार नाही? पण दुसरं कोण आहे मामा? त्या पाण्यावर त्या दिवशी तुम्ही एकटे गेला होतात.

पोकुआ

•

नसुआनो,
१९ सप्टेंबर

पोकुआ,

ताप उतरला का? नसेल तर हे वाचून उतरेल किंवा चढेल.

सभा झाली. टान्नोर साहेब नवी टोपी घालून आले, मागे लॉरी, लॉरीत पोती. झाडाखाली बाकं मांडली. पलीकडच्या काठावरच्या गावांचे मुखियेही आले होते. साहेबांचं बोलणं लोण्यासारखं. म्हणाले, पुढल्या वर्षी आपात्रे हाताएवढे होतील, बायका भट्ट्या पेटवून दमतील. आपली मामीसुद्धा मान हलवत होती, मी बघितलं.

मी उठलो. मागून आवाज आला, “खिळेगिळ्या आला, बाजूला सरका, टोचेल!” हसू दिलं लोकांना. मग बाटल्या एका रांगेत ठेवल्या, शेवटी ऑगस्टची भरणी, आणि झाकण काढलं. पुढच्या दोन बाकांवरची माणसं मागे सरली.

म्हटलं, “तळं अर्धपोटी असताना महिन्याला एवढं पडतं.” नख दाखवलं. “खालची घाण वर आली, पाण्याला एकदम खाणं मिळालं, तर एवढं पडतं.” चार बोटं दाखवली. “पोती ओतली तर दर महिन्याला ऑगस्ट. माझी सही मी मागे घेतो. तुम्ही तुमची बघा.”

टान्नोर साहेब गडी हुशार. टाळीच वाजवली त्यांनी. “वा! बघा, तळ्याला खाणं मिळालं तर किती पिकतं! आम्ही तेच तर करतोय!” लोक पुन्हा त्यांच्याकडे वळले. मी म्हटलं, “साहेब, पिकलं त्या दिवशी मासे कुठे होते? माझ्या काठावर, पोट वर करून!” कुणी ऐकलं, कुणी नाही. दोन्हीकडून गलका. मला वाटलं, गेलं. हातातोंडाशी आलेलं गेलं.

तेवढ्यात राणीआई दुफिए बोलली. अगदी गोड आवाजात, नातसुनेला विचारावं तसं. “साहेब, आम्ही अडाणी माणसं. या पोत्यात असतं तरी काय?”

साहेब खूश. म्हणाले, “आई, हे साधं खत नाही. साध्या खतात दोन-तीनच गोष्टी. यात सगळं आहे. जस्त आहे, शिवाय लोखंडसुद्धा आहे! टॉनिकच समजा!”

पोरी, साहेबांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं!

राणीआई काठी टेकत उठली. “पोती लॉरीतून उतरवू नका,” म्हणाली. पलीकडच्या गावचे मुखिये तिच्याआधी उठून उभे राहिले होते. साहेबांनी खूप सांगितलं की ते तसलं लोखंड नव्हे, डोळ्यांना दिसतही नाही. पुजारी म्हणाला, “अनानेची सळईही दिसत नव्हती, साहेब.”

लॉरी आली तशी गेली.

मामा

•

आक्रा,
२७ सप्टेंबर

मामा,

पोती परत गेली हे वाचून मी अंथरुणात उठून बसले आणि नाचले म्हणा. पण मग रडूही आलं. खोटं कशाला बोलू?

आपण जानेवारीपासून राबलो. तुम्ही त्या सडक्या पाण्यावर गेलात. मी कण कण वाळवून तोलला. आणि शेवटी ठरलं कशावर? लोखंड शिवायचं नाही म्हणून! उद्या दुसरा साहेब बिनलोखंडाची पोती आणेल, तेव्हा काय? ऑगस्टचा पेला बाटलीसमोर ठेवूनही गावाला कळलं नसेल, तर मी शिकले ते कशाला? राणीआईला तळ्याच्या तळाशी काय पडतं याच्याशी काही देणंघेणं नाही, तिला फक्त सोवळं सांभाळायचंय.

रागाने लिहिते आहे. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पोकुआ

•

नसुआनो,
१० ऑक्टोबर

पोकुआ पोरी,

तुझ्यासारखा राग मलाही आला होता. मी तो घेऊन सरळ राणीआईच्या अंगणात गेलो, मेंढीही त्याच वेळी न्यायची होती. तुझ्या आईने निवडलेली मेंढी, राणीआईपेक्षा हट्टी. अर्ध्या वाटेत बसली.

दंड देऊन झाल्यावर मी म्हटलं, “आई, तुम्ही देवाचं लोखंड वाचवलंत, पण माझ्या भाचीचा पेला कुणी बघितलाच नाही.”

म्हातारीने मला बाकावर बसवलं. म्हणाली, “तुझ्या बायकोने अजून सांगितलं नाही का तुला?”

तेव्हा कळलं. सभेच्या आधी मी बाजारात गेलो होतो त्या दिवशी राणीआई आपल्या घरी आली होती. मामीने तिला भट्टीतली भरणी काढून दाखवली. म्हातारीने त्यात बोट घातलं, हुंगलं, आणि मामीला म्हणाली, पोरीची पत्रं वाच. मामीने सगळी वाचली. शेवाळ्याला लोखंड लागतं म्हणून ते खतात घालतात, हे तुझं लिहिलेलंही वाचलं. डोंगराला दंड करायची म्हणालीस तेही वाचलं. त्यावर म्हातारी खूप हसली म्हणे. आणि माझ्या बायकोने महिनाभर मला ताकास तूर लागू दिली नाही! सभेत साहेबांपुढे मान हलवत होती ती!

मी म्हटलं, “मग सभेत तसं सांगितलं का नाही? पेला खरा आहे म्हणून?”

राणीआईचे शब्द तसेच लिहितो. “अनाने, पेला दाखवून मी नसुआनोला समजावलं असतं. पण तळ्याला एकच काठ आहे का? साहेब उद्या पलीकडे गेले असते, तिथले लोक भुकेले, त्यांनी पोती घेतली असती. पाणी तर एकच. लोखंडाचं नाव निघालं की तळ्याकाठचं प्रत्येक गाव बांधलं जातं. पेला मला कळण्यासाठी होता. लोखंड त्यांना अडवण्यासाठी. पोरीला सांग, मी दोन्ही वापरलं. आणि बिनलोखंडाचं पोतं येईपर्यंत तिचा पेला सगळ्या गावांना कळायला हवा. ते तिचं काम, माझं नाही.”

पुढे म्हणाली, “आणि मासा बारीक आहे तो तुमच्या बारीक जाळ्यांमुळे, हे सांगायला मला पेला लागत नाही.” बोटाएवढा मासा धरणारी जाळी आता बंद. पहिलं जाळं कुणाचं जप्त झालं ते विचारू नकोस. सहीत पहिला, तसा इथेही पहिला.

माझी फळी पाण्यात गेली. पेलेही गेले. राणीआईचा हुकूम आहे की पुढल्या ऑगस्टचा पेला सगळ्या गावांच्या मुखियांदेखत काढायचा, आणि त्यांच्यापुढे बोलणारी तू. ताप असो नसो. मी हातांनी तुला फळीवर ओढत नेईन.

वजन या खेपेला सिमेंटचं नाही. ओढ्यातले दोन सारखे दगड निवडले. एक पुजाऱ्याने पंचांसमोर फोडला. आत दगडच निघाला. दुसरा दोरीला बांधलाय.

तुझा,
अनाने मामा